नेहमीच्या जागी थांबावे

डिम्पना ट्रेनरने आयुष्यभर गुलाब केले. पाकळ्यांचे तीन थर, मधे दोऱ्याची घट्ट गुंडाळी, पांढरा दोरा, बारीक क्रोशाची सुई. सातव्या वर्षी आईने हातात सुई दिली, ती एकाहत्तराव्या वर्षापर्यंत सुटली नाही. पानं नाहीत, द्राक्षं नाहीत, वेल तर नाहीच. फक्त गुलाब. कारण ट्रेनरांचं घर गुलाबाचं.

मोनाहन जिल्ह्याच्या या टोकाला तशीच रीत होती. एका घराचा एक नमुना. कुणाचं द्राक्ष, कुणाचं तिपानी, कुणाचा गुलाब. दुसऱ्या घराचा नमुना नुसता बघून जमत असला तरी करायचा नाही, आणि मागायचा तर त्याहून नाही. गोळा करणारी बाई घरोघर फिरून तुकडे न्यायची, जोडून घ्यायची, आणि डब्लिन-लंडनच्या बायका ते अंगावर घालून फोटो काढून घ्यायच्या. डिम्पनाचे गुलाब कुणाकुणाच्या खांद्यावर चढून कुठेकुठे नाचून आले असतील, देव जाणे. तिचं नाव कशावर नाही. यावर मी एकदा जिल्ह्याच्या सभेत बोलले होते आणि मला हाताला धरून बाहेर काढलं होतं. ते असो.

डिम्पना आणि तिची धाकटी बहीण विनी, दोघी बिनलग्नाच्या, आईच्या घरात राहायच्या. माझं घर त्यांच्या घराला लागून. डिम्पना कमी बोलायची आणि जे बोलायची ते लागायचं. विनी बडबडी, हसरी, सिगारेटी ओढणारी. पोस्टातली नोकरी तिने तीस वर्षं केली. १९९१च्या वसंतात विनीच्या डाव्या छातीतला आजार हाडांत उतरला आणि डॉक्टरांनी तिला घरी पाठवलं. स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत तिचा पलंग लावला. डावा हात सुजून दुप्पट झालेला, तो उशीवर ठेवून ती पडून असायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची टिंगल करायची.

एक दिवस ती म्हणाली, "डिम्पना, मला तो तपकिरी झगा घालू नका."

आमच्याकडे मेलेल्या माणसाला तपकिरी झगा घालतात. आजीला घातला, आईला घातला. शवपेटीवाल्याकडे तो तयारच असतो.

"मग काय घालू? पोस्टाचा कोट?"

"आईने केलेला ब्लाउज घाल. माझा."

डिम्पना उठून कपाटापाशी गेली. मी तिथेच होते, मला काही कळेना. नंतर तिने कपाटातून उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला ब्लाउज काढला. १९४९मध्ये विनीचं लग्न ठरलं होतं, तेव्हाचा. पुढचा भाग, पाठ, गळा, सगळं झालेलं, गुलाबांनी भरलेलं. चाळीस वर्षांत जरासा पिवळा पडलेला. बाह्या मात्र नव्हत्या. नवरामुलगा आधी कामासाठी बर्मिंगहॅमला गेला, आणि लग्नाच्या सहा आठवडे आधी त्याचं पत्र आलं की त्याने तिकडेच एकीशी लग्न केलंय. आईने सुई खाली ठेवली. तेव्हापासून ब्लाउज अभ्र्यात.

"बाह्या करते मी," डिम्पना म्हणाली. "त्यात काय!"

आईने सगळं एका कागदावर पेन्सिलने लिहून ठेवलं होतं. अंगाचा भाग दीड पान, बारीक अक्षरात, साखळ्या-खांबांसकट मोजून दिलेला. बाहीला मात्र एवढंच:

*बाही पलीकडची. वेल घ्यावी, काम उलटू नये. तीनदा भरावे, नेहमीच्या जागी थांबावे. मग मोकळे.*

बस. आकडा नाही, माप नाही. आईला माहीत होतं, म्हणून आईने लिहिलं नाही. जुने सगळे कागद असेच असतात. ज्याला आधीच येतं त्याच्यासाठी लिहिलेले.

डिम्पनाने त्यावर सगळा मे आणि जून घालवला. काम उलटायचं नाही, म्हणजे ओळ संपली की दोरा तोडून पुन्हा उजवीकडून सुरू करायचं, हे तिला ठाऊक होतं. तीनदा भरायचं म्हणजे जाळीत गाठींचे तीन फेर, हेही. पण थांबायचं कुठे? नेहमीची जागा कुठली? आणि वेल तर तिने घेतलीच नाही. वेलीच्या जागी तिने आपल्या घरचा गुलाब घातला. गुलाब चौकोनात बसतो, वेल तिरकी चढते. त्यामुळे कागदातला एकही हिशोब जुळेना. पहिली बाही दंडावर रुतली. दुसरी फेरीगणिक पीळ घेत गेली. तिसरी दाखवायला नेली तेव्हा विनी म्हणाली, "मला स्वर्गात जायचंय गं. धुराडं कशाला घालतेस?"

डिम्पनाने ती तिथेच उसवली.

मी तो कागद मागून घेतला. मला क्रोशा येत नाही. पण जिल्ह्याच्या सांडपाण्याच्या योजनेचे दोनशे पानी कागद मी स्वयंपाकघरात बसून वाचले होते आणि त्यांची लबाडी बाहेर काढली होती, शाळा चौदाव्या वर्षी सोडलेल्या बाईने. मला वाटलं, चार ओळींचा कागद काय मला हरवतो! चौकटीचा कागद घेतला, बाहीच्या तोंडाची भोकं मोजली, गुणाकार-भागाकार केले. दोन दिवसांत उत्तर काढलं. डिम्पनाने त्याप्रमाणे विणलं. ती बाही तिच्या पायात मोजा म्हणून बसली असती.

"गोरेट्टी," ती मला म्हणाली, "तू रस्ते उघड. हे राहू दे."

रस्त्यांचं खरंच चालू होतं. आमच्या घरांपासून दीड मैलावर सीमा. पलीकडे दुसरं राज्य, दुसरा पैसा, तीच गुरं आणि तोच चिखल. वीस वर्षांपूर्वी पलीकडच्या सैनिकांनी सुरुंग लावून आमच्या रस्त्यात मोठा खड्डा पाडला होता, इकडून कुणी बंदुका नेऊ नयेत म्हणून. बंदुकवाले शेतांतून जायचे. अडकलो आम्ही. समोर दिसणाऱ्या घरात जायला तपासणी नाक्यावरून सतरा मैलांचा वळसा. आता आमच्या समितीने ठरवलं होतं की ऑगस्टच्या पहिल्या रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर खड्डा बुजवायचा. ते पुन्हा फोडतील, आपण पुन्हा बुजवू.

ते पत्रक लिहीत असताना माझी ट्यूब पेटली. धावत शेजारी गेले.

"डिम्पना, 'पलीकडची' म्हणजे कुणाची?"

ती बटाटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "नोबलांची."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"मला का माहीत नसणार? वेल नोबलांचीच. आईच्या वेळी ब्लाउजचं अंग आमचं, बाह्या त्यांच्या."

"तीन महिने! तीन महिने तू इथे उसवत बसलीस, आणि ज्यांना येतं ते तिथे, खिडकीतून दिसतात!"

"ओरडू नकोस, विनी झोपलीय."

"मग विचारलं का नाहीस?"

आता तिने चाकू खाली ठेवला. "दुसऱ्या घराची वेल मागायला जाऊ? त्यापेक्षा मिसेस नोबलचा नवरा मागेन."

"तो मेलाय. सोपं पडेल."

आतून विनीचं हसणं ऐकू आलं, मग खोकला, मग पुन्हा हसणं. "जा गं," ती आतून ओरडली. "माझ्या बाह्यांसाठी थोडी लाज सोड. मला घाई आहे!"

डिम्पनाने चाकू उचलला आणि एक बटाटा इतका सोलला की त्यात काही उरलं नाही.

रविवारी शंभर माणसं आली. तीन ट्रॅक्टर, दगड, मुरूम, फावडी. टेकडीवरून सैनिक दुर्बिणीतून बघत होते, आम्ही त्यांना हात हलवत होतो. एकपर्यंत खड्डा भरला. जिल्ह्याच्या सभेतला आमचा एक सदस्य, ज्याने सकाळपासून एक दगड उचलला नव्हता, तो पहिलं पाऊल टाकायला आणि फोटो काढून घ्यायला टाय सावरत उभा राहिला. तेवढ्यात मिस्साचा कोट घातलेली एक म्हातारी काखेत उशीचा अभ्रा घेऊन त्याच्या बाजूने निघाली आणि सरळ पलीकडे गेली. मागे वळूनही पाहिलं नाही. मी फावडं टाकून तिच्यामागे पळाले.

आयव्ही नोबल ऐंशीची होती. त्यांचा पंथ वेगळा, चर्च वेगळं, झेंडा वेगळा. तिने दार उघडलं आणि डोळे बारीक केले.

"कोण?"

"ट्रेनरांची डिम्पना."

"अजून आहेस?"

"तुम्हीही आहात की, मिसेस नोबल."

"मी हट्टाने आहे. ये. पाय पूस."

तिच्या हाताची बोटं कुंपणातल्या झुडपाच्या मुळांसारखी वाकडी झाली होती. चहाची किटली तिने दोन्ही मनगटांत धरून आणली. डिम्पनाने ब्लाउज काढला नाही, कागद काढला नाही. ती गवताच्या कापणीबद्दल बोलली. मग नोबलांच्या गुरांबद्दल. मग वीस वर्षांत कोणकोण गेलं त्याबद्दल. पाऊण तास झाला. मी जाग्यावर चुळबुळत होते. शेवटी मला राहवलं नाही.

"मिसेस नोबल, तिची बहीण मरायला टेकलीय आणि तिला बाही—"

"ही कोण?" आयव्हीने डिम्पनाला विचारलं.

"शेजारीण. रस्ते उघडते."

"तोंडही बरंच उघडते."

पण तिने हात पुढे केला. डिम्पनाने ब्लाउज टेबलावर पसरला आणि शेजारी कागद ठेवला. आयव्हीने चष्मा लावला, बाहीची ओळ वाचली आणि कागद खाली ठेवला.

"हे मीच सांगितलेलं आहे. बाह्या मी करणार होते, तुझ्या आईने जोडकामासाठी याच टेबलावर उतरवून घेतलं."

"मग नेहमीची जागा कुठली?" डिम्पनाने विचारलं. एवढंच तिने विचारलं. वेलीचं नाव काढलं नाही.

"कोपर. दुसरी कुठली?" आयव्ही म्हणाली. "बाही काय कागदावर बसते? पोरीला बोलवायचं, बाही दंडावर चढवायची, हात वाकवून धरायला सांगायचं. कोपराची खळी पडते तिथे भराव थांबवायचा आणि खाली जाळी मोकळी सोडायची. म्हणजे हात वाकला तरी वेल ताणत नाही. प्रत्येकीचं कोपर निराळ्या जागी. एकीचे दोन्ही हातसुद्धा सारखे नसतात. मग आकडा काय लिहिणार?"

डिम्पना कागदाकडे बघत राहिली.

"विनी येणार होती हात मोजायला," आयव्ही म्हणाली. "त्या वर्षीच्या मे महिन्यात, गुरुवारी. मी सोड्याचा पाव करून ठेवला होता. आली नाही. मला राग आला, की गुलाबवाल्यांना एवढा माज! मग शनिवारी पत्राचं कळलं."

 बाहेर आमचे लोक खड्ड्यावर ट्रॅक्टर पुढेमागे करून मुरूम दाबत होते, त्याचा आवाज येत होता.

"सुई आणलीस?" आयव्हीने विचारलं.

"मी वेल मागितली नाही, मिसेस नोबल."

"नाही मागितलीस. म्हणून देतेय. माझ्या मुलाला गुरांतलं कळतं, सुनेला टीव्हीतलं. काढ सुई."

आयव्हीला सुई धरता येत नव्हती. ती डोळे मिटून बोलायची आणि डिम्पना करायची. "सात साखळ्या. मागच्या पानाच्या देठात शिर. नाही, देठात. तुम्हा गुलाबवाल्यांना सगळं गोलच दिसतं." "तुम्ही नीट सांगा मग." "मी नीटच सांगतेय, तू नीट ऐक." संध्याकाळपर्यंत बोटभर वेल झाली होती, तिरकी, पानं एकाआड एक. डिम्पनाने ती उजेडात धरली. एवढ्या वर्षांत मी तिला स्वतःच्या कामाकडे असं बघताना पाहिलं नव्हतं.

रस्ता आठ दिवस उघडा राहिला. तेवढ्यात डिम्पना चार वेळा जाऊन आली. नवव्या दिवशी सकाळी यंत्रं आली, सैनिकांनी आमचा मुरूम उपसून काढला आणि खड्डा पहिल्यापेक्षा खोल केला. मी तिथे जाऊन जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. डिम्पनाला सांगितलं तर ती म्हणाली, "उजवी येते मला आता. डावी आरशात बघून करीन."

आणि केलीच. स्वयंपाकघरात हातआरसा टेकवून ती बसायची, उजव्या बाहीचं प्रतिबिंब बघत टाके उलट्या अंगाने लावायची. मला ते बघूनच चक्कर यायची.

उजवी बाही सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाली. विनीच्या उजव्या हातावर मोजताना मी होते. हातात काही उरलं नव्हतं, पण विनीने तो ऐटीत वाकवून धरला, एका बाजूला मान करून, जसं कुणी तिला नाचायला नेतंय.

"हलू नकोस."

"मी हलत नाहीये. मी नाचतेय."

डिम्पनाने कोपराच्या खळीवर नख टेकवलं, टाका मोजला, दोरा बांधला. "हो गं," ती पुटपुटली. "इथेच थांबायचं." तिच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशी आनंद पाहिला, आणि ती चेहऱ्यावर काही दाखवणारी बाई नव्हती.

डाव्या हाताचं माप निराळं घ्यावं लागणार होतं. तो सुजलेला, आणि सूज रोज वेगळी. उजव्याचा आकडा तिथे चालणार नव्हता. दंडाचा भाग डिम्पनाने सैल करून विणला आणि कोपरापाशी आली तेव्हा सप्टेंबर संपत आला होता. विनी आता बोलायची कमी, झोपायची जास्त. हात हलवला की कळवळायची.

त्या सोमवारी दुपारी मी शेगडीसाठी कोळसा घेऊन गेले तेव्हा डिम्पना पलंगाशेजारी उभी होती, बाही हातात. विनीचा डोळा लागला होता. डावा हात उशीवर.

"मोजायचंय ना?" मी विचारलं.

"हो."

"मग उठव की. दोन मिनिटांचं काम."

डिम्पनाने बाही घडी करून एप्रनच्या खिशात ठेवली. "रात्रभर झोपली नाहीये. आत्ताच लागलाय डोळा. उद्या मोजू."

मंगळवारी पहाटेनंतर विनी गेली. झोपेतच. डिम्पनाने भिंतीवर तीन वेळा हात आपटला, ती आमची खूण होती.

आम्ही दोघींनी तिला आंघोळ घातली. शवपेटीवाल्याने रीतीप्रमाणे तपकिरी झगा पाठवला होता, तो डिम्पनाने घडीसकट परत केला. ब्लाउज घातला. उजवी बाही लावून टाकलेली होती. ती हातावर अशी बसली की मला बघवेना. वेल कोपरापाशी थांबली होती आणि खालची जाळी मनगटापर्यंत उतरून जपमाळेच्या मण्यांपाशी संपत होती.

डावी बाही अर्धी. डिम्पनाने ती दंडावर चढवली. कोपर शोधायला हात वाकवायला हवा होता. दुपार झाली होती, हात ताठ झाला होता.

ती त्याच्याकडे बघत उभी राहिली.

"अंदाजे कर," मी म्हटलं. "उद्या दहाला पेटी बंद होणार. कुणाला कळणार आहे?"

"मला."

"बरं, मग मी वाकवते." मला कधीच धीर नसतो. मी विनीचं मनगट धरलं. डिम्पनाने माझ्या हातावर फटका मारला, जोरात, लहान मुलाला मारतात तसा.

"सोड! दुखेल तिला."

मग ती खुर्चीवर बसली. आणि काय बोलली तेही मी ऐकलं, माझ्याशी नव्हतं ते. "दोन मिनिटांचं काम होतं गं विनी. मी उठवायला पाहिजे होतं."

मी तिला म्हणाले की तू तिला झोपू दिलंस, ते बरोबरच केलंस.  मीटिंगमध्ये मला कुणाच्याही तोंडावर शब्द फेकता येतात. त्या खोलीत एकही शब्द उपयोगाचा सापडला नाही.

चार वाजता आयव्ही नोबल आली. मुलाने सतरा मैल वळसा घालून गाडीतून आणलं होतं. तो बाहेर टोपी हातात धरून उभा राहिला, ती आत आली. आमच्या बायका जपमाळ म्हणत होत्या त्या थांबल्या, तिने मान हलवली, म्हणा म्हणा. पेटीजवळ जाऊन तिने वाकड्या बोटांनी उजव्या बाहीवरून वेल चाचपली, पानामागून पान, देठ, गाठी, कोपर, तिथून पुढे मोकळी जाळी.

"बरोबर थांबलीस," ती म्हणाली.

मग डावीकडे पाहिलं. दंडावर वेल संपलेली, खाली गुंड्याचा दोरा लोंबतोय, आणि सुजलेला उघडा हात.

"मोजायचं राहिलं," डिम्पना म्हणाली.

आयव्ही तिच्या शेजारी बसली.  चहा आला, निवला. मग आयव्ही म्हणाली, "दोरा तोड आता. लोंबता नको."

"तोडला तर मग झालंच."

"झालंच आहे, डिम्पना."

डिम्पनाने एप्रनच्या खिशातून कात्री काढली. पुन्हा ठेवली. तो दोरा तिने तोडला नाही. शेवटच्या टाक्याला गाठ मारली, आणि उरलेला गुंडा, मुठीएवढा, विनीच्या डाव्या तळव्याखाली सरकवून ठेवला. बुधवारी दहा वाजता पेटी तशीच बंद झाली.